अकरा ऑस्कर आणि एक गाणं

प्रश्न : ताई, सुट्टीत आम्ही घरी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तिन्ही भाग पाहिले. मी दोन-तीन ठिकाणी रडले. भावाचं म्हणणं, हा सगळा डोंगर-दऱ्यांचा आणि कॉम्प्युटरचा खेळ आहे, अभिनय त्यात नावालाच. पुरावा म्हणून तो सांगतो की शेवटच्या भागाला अकरा ऑस्कर मिळाले, पण त्यात अभिनयाचा एकही नाही. तुम्ही इतकी वर्षं रंगमंचावर प्रकाशयोजना करता. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : भावाची आकडेवारी बरोबर आहे, निष्कर्ष साफ चुकीचा आहे. 'द रिटर्न ऑफ द किंग' 2003 साली आला. त्याला अकरा नामांकनं होती आणि अकराच्या अकरा ऑस्कर त्याने नेले, म्हणजे 'बेन-हर' आणि 'टायटॅनिक'ची बरोबरी केली. अभिनयासाठी नामांकनसुद्धा नव्हतं, हेही खरं. तिन्ही भागांत मिळून अभिनयाचं एकच नामांकन झालं, पहिल्या भागातल्या गँडाल्फ या जादूगारासाठी इयन मॅकेलन यांचं, आणि तेही पुरस्कारापर्यंत पोचलं नाही. पण त्याच शेवटच्या भागाच्या सगळ्या नटसंचाला अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेने, स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्डने, एकत्रित अभिनयाचा पुरस्कार दिला. नटांचं काम नटांना दिसलं होतं.

भावाला एक प्रसंग पुन्हा पाहायला सांगा. गोंडोर राज्याचा कारभारी डेनेथॉर आपल्या धाकट्या मुलाला, फॅरामिरला, मरण निश्चित असलेल्या स्वारीवर पाठवतो आणि स्वतः जेवायला बसतो. बाजूला बुटक्या हॉबिट जमातीतला छोटा पिपिन उभा आहे. डेनेथॉर त्याला विचारतो, गाता येतं का? पिपिन चाचरत सांगतो की आमच्याकडची गाणी अशा मोठ्या दालनांसाठी आणि अशा वाईट काळासाठी नाहीत. तरी त्याला गावं लागतं.

शब्द टॉल्किन यांच्या मूळ कादंबरीतल्या एका कवितेचे, चाल मात्र पिपिनचं काम करणाऱ्या बिली बॉइड यांनी स्वतः बांधलेली. साथीला वाद्यांचा गजर नाही. थंड, करड्या उजेडातल्या त्या दालनात एकच आवाज घुमतो. मधून मधून बाहेरचं मैदान दिसतं. घोडेस्वार धावतायत, पण टापांचा दणदणाट जवळजवळ पुसून टाकलाय. ऐकू येतं ते गाणं, आणि त्यात मिसळलेलं डेनेथॉरचं खाणं. कोंबडीची तंगडी मोडल्याचा आवाज. मग तो एक छोटा टोमॅटो तोंडात टाकतो, दाताखाली फोडतो आणि लाल रस हनुवटीवरून ओघळतो.

मैदानावर धनुष्यं ताणली जातात, बाण सुटतात. बाण लागल्याचं दृश्य दिग्दर्शक पीटर जॅक्सन दाखवतच नाहीत. जे व्हायचं ते त्या हनुवटीवर झालेलं असतं. जॉन नोबल यांनी तो बाप राक्षस म्हणून रंगवलेला नाही. भूक नसताना जेवणारा, समोर कोण उभं आहे ते न दिसणारा माणूस आहे तो. आणि गाणं संपतं तेव्हा पिपिनच्या गालावर एक थेंब उतरतो. बॉइड तो पुसत नाहीत. पुसला असता तर प्रेक्षकाला सुटका मिळाली असती.

यातला अभिनय बाजूला काढा आणि देखावा किती उरतो ते भावाला विचारा. देखावा काढा, तर त्या एवढ्याशा आवाजाला ते अवाढव्य दालन मिळणार नाही. मला या चित्रपटाबद्दल सगळ्यात जास्त प्रेम आहे ते याच गोष्टीसाठी. इथे चित्र आणि चेहरा वेगळे काढता येत नाहीत.

दुसरं उदाहरण सगळ्यांना आवडणारं. इशाऱ्याच्या धुन्या पेटतात ते दृश्य. न्यूझीलंडच्या सदर्न आल्प्सवरून कॅमेरा उडतो, एका शिखरावर ज्वाळा उठते, मग दुसऱ्या, मग ढगांच्याही वरच्या तिसऱ्या शिखरावर. हॉवर्ड शोर यांचं संगीत चढत जातं. कितीदा पाहिलं तरी माझ्या अंगावर काटा येतोच. पण हे सगळं कुठे येऊन थांबतं? अ‍ॅरॅगॉर्न हा योद्धा धावत रोहन राज्याच्या दालनात शिरतो, गोंडोर मदत मागतंय असं सांगतो, आणि सगळ्यांच्या नजरा राजा थेऑडेनकडे वळतात. बर्नार्ड हिल लगेच बोलत नाहीत. एवढा डोंगर पार करून आलेला तो सगळा वेग एका माणसाच्या चेहऱ्यावर अडवून धरतात. मागच्या लढाईत त्याच गोंडोरने आपल्याला मदत पाठवली नव्हती, हा सल त्या गप्प राहण्यात दिसतो. मग एकच वाक्य, रोहन उत्तर देईल. तो क्षण हिल यांनी घाईने उरकला असता, तर आधीचे डोंगर पर्यटन खात्याच्या जाहिरातीसारखे वाटले असते.

(हेच हिल 'टायटॅनिक'मध्ये जहाजाचे कप्तान होते. म्हणजे अकरा-अकरा ऑस्कर मिळवणाऱ्या दोन चित्रपटांत ते आहेत. 2024 च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा मी पुन्हा हाच प्रसंग लावून बसले होते.)

सगळंच मला आवडतं असं नाही. शेवटच्या भागातली मेलेल्यांची ती हिरवट फौज मला आजही पटत नाही. तिथे उजेड कुठून येतोय हेच कळत नाही, आणि नटांनाही कुठे पाहावं ते कळलेलं नाही असं वाटतं. पण अशा जागा मोजक्याच आहेत.

प्रश्न : गँडाल्फ एवढा उंच आणि हॉबिट फ्रोडो एवढासा, हे कॉम्प्युटरवर लहान-मोठं करून दाखवलंय ना? मग नटांनी एकमेकांसमोर काम केलंच नसेल.

उत्तर : पुष्कळ ठिकाणी कॉम्प्युटरचा हात आहे, उंचीत साजेसे बदली कलाकारही आहेत, पण माझ्या आवडीच्या जागा डोळ्यांना फसवण्याच्या जुन्या युक्तीने केलेल्या आहेत. सुरुवातीला गँडाल्फ आणि फ्रोडो घोडागाडीत शेजारी बसलेले दिसतात. प्रत्यक्षात फ्रोडो झालेले इलायजा वुड मागे, कॅमेऱ्यापासून जास्त अंतरावर बसले होते आणि गाडीच तशी बनवलेली होती. कॅमेऱ्याला एकच डोळा, त्यामुळे मागचा माणूस लहान वाटतो, लांब वाटत नाही. फ्रोडोचा वडीलधारा नातलग बिल्बो याचं घर दोन मापांत बांधलं होतं. एक हॉबिटांना नेमकं बसणारं, दुसरं लहान, म्हणजे त्यात मॅकेलन अवघडून उभे राहिले की छत डोक्याला लागेल असं. आतल्या वस्तूही दोन-दोन मापांच्या.

कॅमेरा हलला की ही फसवणूक उघडी पडते. म्हणून काही दृश्यांत एका नटालाच सरकत्या फलाटावर बसवलं आणि कॅमेऱ्याच्या हालचालीशी त्याची हालचाल जोडली.

आता तुमच्या प्रश्नाचा खरा भाग. अशा रचनेत दोन नट एकमेकांच्या डोळ्यांत पाहू शकत नाहीत. एक पुढे, एक मागे. दोघांनी ठरवून दिलेल्या रिकाम्या जागी पाहायचं आणि ती नजर समोरच्या जिवलगाच्या चेहऱ्यावर आहे असं वाटायला लावायचं. तालमीत मी पाहिलंय, समोरचा नट आजारी पडला आणि त्याच्या जागी खुर्ची ठेवली, तर चांगल्या-चांगल्यांची वाक्यं कोरडी पडतात. मॅकेलन आणि वुड यांच्यातली माया त्या रिकाम्या जागेतून उभी राहिलेली आहे. तेव्हा त्यांनी एकमेकांसमोर काम केलं नाही असं म्हणू नका. ते जास्त अवघड काम होतं.

जाता जाता आणखी एक. बुटका गिम्ली झालेले जॉन ऱ्हिस-डेव्हिस सहा फुटांहून उंच आहेत.

प्रश्न : कॉम्प्युटरवर घडवलेल्या गॉलमचं श्रेय कोणाला द्यायचं?

उत्तर : अँडी सर्किस आणि अ‍ॅनिमेशन करणारे कलाकार, दोघांना. सर्किस चित्रीकरणाच्या जागी वुड आणि शॉन अ‍ॅस्टिन यांच्यासोबत प्रत्यक्ष लोळले, झटापट केली, नंतर स्टुडिओत तेच पुन्हा केलं. चेहरा अ‍ॅनिमेटरांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत घडवला. दुसऱ्या भागात रात्री गॉलम स्वतःशीच भांडतो तो प्रसंग बघा. सुरुवातीला कॅमेरा न तुटता एका बाजूकडून दुसरीकडे फिरतो, मग अचानक दोन माणसं बोलत असल्यासारखी दृश्यं तुटू लागतात. एक आवाज घशातून खरवडत येणारा, दुसरा पोरका. तो दुसरा म्हणतो, निघून जा आणि परत येऊ नकोस, आणि आपला विजय झालाय हे त्याचं त्यालाच खरं वाटत नाही. तिथे मला कॉम्प्युटर आठवत नाही.

प्रश्न : प्रकाशयोजनाकार म्हणून तुम्ही यातली एकच गोष्ट निवडायची तर कोणती?

उत्तर : गॅलॅड्रिएल या एल्फ स्त्रीचे डोळे. पटकन उत्तर आलं, कारण गेली वीस वर्षं मी ते विसरलेले नाही.

चेहऱ्यावर दिवा टाकला की डोळ्यात त्याचा एक पांढरा ठिपका उमटतो. त्या ठिपक्याने डोळा जिवंत वाटतो, तो नसला तर माणूस बाहुल्यासारखा दिसतो. छायालेखक अँड्र्यू लेस्नी यांनी गॅलॅड्रिएल झालेल्या केट ब्लँचेट यांच्यासाठी बारीक-बारीक दिव्यांचा एक वेगळा पट्टा तयार करवून घेतला. त्यामुळे तिच्या बुबुळांत एका ठिपक्याऐवजी चांदणं दिसतं. ती हजारो वर्षं जगलेली आहे हे कोणी सांगण्याच्या आधी डोळ्यांतून कळतं. लेस्नींना पहिल्या भागाच्या छायालेखनासाठी ऑस्कर मिळाला, तो मला तेवढ्याच एका गोष्टीसाठीही पटला असता.

पण दिवा कितीही चांगला असो, नटाला तो सापडावा लागतो. ब्लँचेट त्या प्रसंगांत पापण्या किती कमी हलवतात ते पाहा. मानही फार वळवत नाहीत, कारण वळवली तर चांदणं विझेल. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलांना मी हा प्रसंग दाखवते आणि आवाज बंद करून दाखवते.

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची आहे. तिला पहिल्यांदा दाखवताना चित्रपटगृहात आलेली आवृत्ती दाखवू की लांबवलेली?

उत्तर : चित्रपटगृहातली. पहिला भाग तिथे 178 मिनिटांचा आहे, लांबवलेला 208. नवख्या माणसाला ती जास्तीची तीस मिनिटं रेंगाळल्यासारखी वाटतात. मोबाईलवर मात्र नका दाखवू, घरात असेल त्या मोठ्यात मोठ्या पडद्यावर आणि खोलीतले दिवे मालवून दाखवा. पहिल्या भागातली बर्फातली चढण आली की तिला बोरोमिरचा, फॅरामिरच्या थोरल्या भावाचा, हात पाहायला सांगा. फ्रोडो घसरतो, त्याच्या गळ्यातली, भल्याभल्यांना भुरळ घालणारी अंगठी बर्फात पडते, बोरोमिर ती साखळीने उचलतो आणि काही क्षण हरवतो. मग हसून परत देतो, फ्रोडोचे केस विस्कटतो. त्याच वेळी मागे अ‍ॅरॅगॉर्नची तलवारीवरची मूठ हळूच सैल होते. शॉन बीन आणि व्हिगो मॉर्टेन्सन यांच्यात तिथे फार शब्द नाहीत, पण पुढचं सगळं भांडण तिथेच पेरलेलं आहे.

दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा लांबवलेली आवृत्ती लावा, विशेषतः 'द टू टॉवर्स'ची. त्यात एक प्रसंग आहे जो चित्रपटगृहात कापला गेला होता. लढाई जिंकून दोघे भाऊ, बोरोमिर आणि फॅरामिर, हसत पेले उंचावतात. तेवढ्यात बाप येतो. दोघांचेही चेहरे एकदम उतरतात. डेनेथॉर थोरल्याला मिठी मारतो आणि धाकट्याकडे असं बघतो की तो तिथे नसताच तर बरं झालं असतं. हे पाहून झालं की मग शेवटच्या भागातलं ते जेवण आणि पिपिनचं गाणं लावा.