इन्सुलिनसारखी मोठ्या रेणूंची औषधं गोळीतून का देत नाहीत? शोषण वाढवणारी रसायनं घालून चालत नाही का?

चालतं, आणि तशी गोळी बाजारात आहेही. फक्त ती इन्सुलिनची नाही. मी औषधांच्या फॉर्म्युलेशनमध्ये काम करतो. माझ्या मते, अडचण रसायनांत कमी आणि इन्सुलिनच्या स्वभावात जास्त आहे.

गोळीतून सहज शोषले जाणारे रेणू बहुधा 500 डाल्टनच्या (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) आत असतात. मधुमेहावरचं सेमाग्लुटाइड हे औषध जवळपास 4100 डाल्टनचं. तरी 2019 साली अमेरिकेत त्याच्या गोळीला मंजुरी मिळाली. त्या मूळ गोळीत औषध 3, 7 किंवा 14 मिलिग्रॅम आणि सोबत ‘स्नॅक’ ऊर्फ सॅल्कॅप्रोझेट सोडियम तब्बल 300 मिलिग्रॅम! गोळी जठराच्या अस्तरावर टेकून विरघळते, तेवढ्या जागेपुरतं आम्ल कमी होतं, प्रथिनं पचवणाऱ्या पेप्सिनचा जोर ओसरतो आणि पेशींचं आवरण थोडा वेळ सैल पडून औषध त्यातून पार होतं. हा सगळा खेळ गोळीभोवतीच चालतो. म्हणून तर ती उपाशीपोटी, अर्ध्या कपापेक्षा जास्त पाणी न पिता घ्यायची आणि पुढचा अर्धा तास काही खायचं नाही.

एवढं करून रक्तात पोचतं जेमतेम एक टक्का, तेही रोज कमी-जास्त. इंजेक्शनने आठवड्याला अर्धा मिलिग्रॅम पुरतं, तिथे गोळीने रोज 14 प्रमाणे 98 लागतात. पण सेमाग्लुटाइडचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ, साधारण आठवड्याचं असल्याने रोजचा चढउतार रक्तात जाणवत नाही. नेहमीच्या इन्सुलिनला ही सवलत नाही. आज दुप्पट शोषलं गेलं तर साखर धोकादायक उतरेल.

यावर तोडगा म्हणून नोवो नॉर्डिस्क या औषध कंपनीने दीर्घकाळ टिकणारं इन्सुलिन सोडियम कॅप्रेटसोबत गोळीत घालून पाहिलं. कॅप्रेट आतड्यातल्या पेशींमधले सांधे उघडतं. साखर इंजेक्शनइतकीच आटोक्यात राहिली! पण त्यासाठी इन्सुलिन इतकं ओतावं लागत होतं की कंपनीने प्रकल्प सोडला.

सांधे उघडले तर जंतू आत शिरतील का, ही शंका बरेच जण काढतात. ती फट जंतूंच्या मानाने फारच बारीक असते आणि लवकर मिटते, त्यामुळे मला त्याची फार धास्ती वाटत नाही.

औषध म्हणून वापरल्या जाणाऱ्या अँटिबॉडी मात्र दीड लाख डाल्टनच्या. तिथे ही रसायनं हात टेकतात, म्हणून आतड्याच्या भिंतीत आतूनच सुई टोचणाऱ्या कॅप्सूलवर काम सुरू आहे.