जादुई वास्तववादी कादंबऱ्यांत, म्हणजे अशक्य गोष्टी रोजच्या असल्यासारख्या सांगणाऱ्या कादंबऱ्यांत, माणसं स्वतःची ओळखच हरवून बसतात, हे वाचकाला पटावं तरी कसं?

मला ते पटलं ऑगस्ट २०१९ मध्ये, सांगलीत.

आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५. पाणी ओसरल्यावर घरात शिरलो, तर अप्पांनी गाळातून आधी पत्र्याची ट्रंक ओढून काढली. आतले कागद आम्ही चिमटे लावून दोरीवर वाळत घातले. त्यात अप्पांचा शाळा सोडल्याचा दाखला होता. छापील अक्षर जसंच्या तसं: विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख, शाळा सोडण्याचे कारण. समोरच्या रेघांवर निळ्या शाईनं जे भरलं होतं ते सगळं धुऊन गेलेलं. नावाच्या जागी नुसता निळसर ओघळ.

दुसरी प्रत काढायला शाळेत गेलो, तर तिथल्या रजिस्टरचाही लगदा. कारकून म्हणाला, "नोंदच दिसत नाही, मग तुम्ही इथं शिकलात हे मी कशावरून लिहून देऊ?" अप्पांनी खिडकीकडच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "मी तिथं बसायचो." एवढंच बोलले.

त्या रात्री त्यांनी बॉलपेन घेतलं आणि त्या कोऱ्या रेघांवर स्वतःच्या हातानं लिहिलं. सावकाश, अक्षर घोटून. सकाळी दादानं ते बघितलं आणि घर डोक्यावर घेतलं. "दाखल्यावर खाडाखोड? तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?"

दादा मराठी शिकवतो. कोलंबियन लेखक मार्केझच्या ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ या कादंबरीबद्दल त्याचं कायम एकच म्हणणं, की तिथलं ओळख हरवणं हे फक्त प्रतीक आहे. मला हे तेव्हाही मान्य नव्हतं.

१९६७ च्या त्या कादंबरीत माकोंदो गावात आधी निद्रानाशाची साथ येते. झोप गेली याचं कुणाला दुःख नाही, उलट कामं उरकतात. मग विसर पडू लागतो. सोनारकाम करणाऱ्या ऑरेलियानोला छोट्या ऐरणीचं नाव आठवत नाही. बाप सांगतो तेव्हा तो ते कागदावर लिहून ऐरणीच्या बुडाला डकवतो. पुढं बाप टेबल, खुर्ची, भिंत, सगळ्यावर नावं घालत सुटतो. गाईच्या गळ्यात पाटी, की ही गाय, हिची रोज सकाळी धार काढायची. आणि ही साथ सगळ्यात आधी ओळखते कोण, तर घरात कामाला असलेली विसितासिऑन. याच साथीपायी ती आणि तिचा भाऊ आपलं राज्य सोडून आलेले असतात. एकदा पोळलेल्या माणसाला ते लगेच कळतं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आपली निम्मी ओळख आपण अंगाबाहेरच ठेवलेली असते: रजिस्टरात, शेजाऱ्याच्या तोंडात, गावाच्या नावात. ती तिथून गेली की काय होतं, ते या कादंबऱ्या अक्षरशः घडवून दाखवतात आणि पाऊस पडला इतक्या सहज सांगतात. म्हणून पटतं. रश्दींच्या ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’मध्ये १९६५ च्या युद्धात पिकदाणी डोक्यात बसून कथानायक सलीम सगळं विसरतो. पुढं साप चावल्यावर बाकीचं आठवतं, नाव तेवढं आठवत नाही. ते परत मिळतं जुन्या ओळखीच्या पार्वतीनं हाक मारल्यावर. शाळेत त्या दिवशी अप्पांना हाक मारणारं कुणी नव्हतं.

काफ्काच्या ‘मेटॅमॉर्फॉसिस’ या कथेतल्या ग्रेगोरला मात्र यात धरू नका. त्याचं शरीर किड्याचं होतं, पण आपण ग्रेगोर आहोत हे त्याला पक्कं माहीत असतं. आणि तुमच्या घरात कुणाला खरोखरच विसरायचा आजार असेल, तर माझं हे सगळं बाजूला ठेवा. ते दुखणं वेगळं आहे, तिथं डॉक्टर लागतो.

तुम्ही वाचायला सुरुवात करणार असाल तर प्रतीकं शोधत बसू नका. गाईची पाटी ही गाईची पाटी म्हणूनच वाचा. दादानं तसं वाचलं असतं, तर त्या सकाळी तो अप्पांवर ओरडला नसता. कायद्यानं तो दाखला बाद झाला, हे मला कबूल आहे. पण दादा खाडाखोड म्हणतो तेव्हा मी त्याला एवढंच सांगतो, की कागद एकदा नीट बघ. नाव भरलंय, गाव भरलंय, शाळा सोडण्याचं कारण भरलंय, ‘घरची गरिबी’. जन्मतारखेची रेघ अप्पांनी कोरीच ठेवलीय. ती त्यांना खात्रीनं आठवत नव्हती.