गटातले मोबाईल आणि गुलाबी बोंडअळीची मोजणी

प्रश्न (यवतमाळ जिल्ह्यातील कापूस उत्पादक गट): आमच्या गटात २२ जणांकडे स्मार्टफोन आहेत. जवळ हवामान केंद्र नाही. मोबाईलवरच रोजचं तापमान मोजून बोंडअळी कधी येणार ते कळेल का?

उत्तर: तापमानासाठी फोनवर विसंबू नका. बहुतेक फोन जे तापमान दाखवतात ते बॅटरीचं असतं; खिशात ठेवला की वेगळं, उन्हात धरला की वेगळं. नेदरलँड्सच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये बॅटरीच्या तापमानावरून लंडन, मॉस्कोसह आठ महानगरांच्या हवेचं तापमान काढून दाखवलं खरं, पण ती पुष्कळ फोनांची सरासरी होती आणि हाती आलं ते अख्ख्या शहराचं रोजचं तापमान. २२ फोनांत ते साधणार नाही.

जागा, वेळ आणि फोटो मात्र तुमचा फोन चोख नोंदवतो. ते बोंडअळीच्या कामी लावा. अळी बोंडाच्या आत असते, बाहेरून फोटोत दिसत नाही. म्हणून मोजायचे ते पतंग, म्हणजे बोंडअळीचे पंख फुटलेले कीटक. पेरणीनंतर ४५ दिवसांनी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून पकडणारे) लावा, पिकाच्या शेंड्याहून फूटभर उंच. रोज सकाळी ठरल्या वेळी पतंग मोजा, फोटो घ्या आणि सापळा रिकामा करा, नाहीतर कालचे पतंग आज पुन्हा मोजले जातील. ल्यूर (सापळ्यातली गंधाची गोळी) सगळ्यांनी एकाच कंपनीची घ्या आणि एकाच दिवशी बदला, तरच एका शेताचा आकडा दुसऱ्याशी ताडता येईल.

माझी कळकळीची विनंती एकच: पतंग शून्य असले तरी नोंद पाठवा. नोंदच नसेल तर पतंग नव्हते की तुम्ही शेतात गेला नव्हता, हे कसं कळणार? पतंग जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) बाजूने आले की फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेलं कापसाचं पीक) ठेवलेल्या शेताकडून, हे शून्यांमुळेच उमगतं.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन सुरू ठेवा आणि झाडाखाली नव्हे, उघड्यावर उभे राहा. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की त्यातली जागेची माहिती गळते, म्हणून ‘डॉक्युमेंट’ करून पाठवा.

सलग तीन रात्री दर सापळ्यात रोज आठ पतंग आले, तरी लगेच पंप उचलू नका. आधी वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडं फोडून पाहा. दोन किंवा जास्त बोंडांत अळी निघाली, तरच फवारणी करा.