एम.एस. जनरल सर्जरीनंतर बेळगावातच राहून मेडिकल कॉलेजात प्रोफेसर होता येतं का? किती वर्षं लागतात?

हो, येतं, एम.एस.नंतर कमीत कमी 8 वर्षं धरा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांप्रमाणे 1 वर्ष सिनियर रेसिडेंट (कॉलेजच्या रुग्णालयात काम करणारा एम.एस. झालेला डॉक्टर), मग 4 वर्षं असिस्टंट आणि 3 वर्षं असोसिएट प्रोफेसर. सोबत शोधनिबंध आणि संशोधन व अध्यापन पद्धतीचे बेसिक कोर्स लागतातच. शोधनिबंधांकडे पहिल्या वर्षापासून लक्ष द्या, कारण ऑपरेशन थिएटर आणि ओपीडीच्या धबडग्यात तेच मागे पडतात आणि बढती तिथेच अडते. बेळगावात 1963 पासूनचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आहे आणि सरकारी बिम्सही (बेळगाव इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस). मात्र 8 वर्षं हा किमान हिशेब झाला, जागा रिकामी नसेल तर थांबावं लागतं.

आणखी एक, कन्नड मनापासून शिका. वर्ग इंग्रजीत चालतो, पण खरं शिकवणं पेशंटच्या खाटेजवळ होतं. खानापूरचे काका पोटातली कळ मराठीत सांगतील, बैलहोंगलच्या अज्जी कन्नडमध्ये. त्यांचं बोलणं तुम्हालाच थेट कळलं नाही, तर आजाराची हिस्ट्री कशी घ्यायची हे विद्यार्थ्यांना दाखवणार कसं?