१२ व्होल्टच्या बॅटरीवर रास्पबेरी पाय: आधी कन्व्हर्टर तपासा, मग बोर्ड जोडा

शेतातल्या पंपाच्या खोलीत सोलरच्या १२ व्होल्ट बॅटरीवर रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक बोर्ड) कायम चालू ठेवायचा आहे, मध्ये ७८०५ (५ व्होल्ट देणारी साधी रेग्युलेटर चिप) टाकला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. ७८०५ नको. तो जादा व्होल्टेज नुसता उष्णतेत घालवतो. १२चे ५ करताना दर अँपिअरमागे ७ वॅट, आणि चार्जिंगला बॅटरी १४.४वर गेली की ९च्या वर. शिवाय या बोर्डाचा सप्लाय ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा असतो. तेवढा करंट ७८०५ला झेपतच नाही.

बक कन्व्हर्टर लावा, म्हणजे वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणारं सर्किट. ८५ टक्के कार्यक्षमता धरली तर पूर्ण लोडवरही बॅटरीतून दीड अँपिअरच जाईल.

पण बाजारात सर्रास मिळणारं एलएम२५९६चं निळं मॉड्यूल घेणार असाल तर थांबा. त्याचं आउटपुट छोट्या प्रीसेटवर (स्क्रू ड्रायव्हरने फिरवायच्या रेझिस्टरवर) ठरतं. नवीन मॉड्यूल कितीवर सेट केलेलं असेल याचा नेम नाही. आणि धुळीने, दमटपणाने प्रीसेटचा संपर्क सुटला, की कन्व्हर्टरला आउटपुट शून्य झाल्यासारखं वाटतं आणि तो जवळजवळ सगळा बॅटरी व्होल्टेज पुढे ढकलतो. बोर्ड जातो तो असा. पंपाच्या खोलीत कायम चालणाऱ्या कामासाठी मी तरी प्रीसेटवालं मॉड्यूल वापरणार नाही. गाड्यांसाठी मिळणारा, रेझिनमध्ये बंद केलेला, ५ व्होल्ट फिक्स आउटपुटचा कन्व्हर्टर घ्या. थोडा महाग पडतो, पण फिरवायला आत काहीच नसतं.

कोणताही घेतलात तरी बोर्ड जोडण्याआधी मल्टिमीटर लावून बघा, आणि तेही लोडवर. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब ५ व्होल्टवर साधारण एक अँपिअर ओढतो, चाचणीला तो उत्तम. अर्धा तास चालू ठेवा. व्होल्टेज ५.०५ ते ५.२मध्ये टिकला पाहिजे.

कन्व्हर्टरच्या पॉझिटिव्ह इनपुट वायरमध्ये, ती जिथून निघते तिथेच, ३ अँपिअरचा फ्यूज हवाच. कन्व्हर्टरच्या आउटपुटवर क्रोबारही (व्होल्टेज वाढला की आउटपुट शॉर्ट करणारं संरक्षण) बसवा: ५.६ व्होल्टच्या झेनर डायोडने गेट चालणारा एससीआर, म्हणजे गेटला इशारा मिळाला की चालू होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच. आउटपुट ६च्या थोडं वर गेलं की एससीआर शॉर्ट करतो आणि फ्यूज उडतो. नुसत्या टीव्हीएस डायोडवर विसंबू नका. तो क्षणिक झटक्यांसाठी असतो, सतत येणारा १२ व्होल्ट त्याला पेलत नाही.

स्क्रीनवर पिवळ्या विजेची खूण दिसली तर बोर्डाला मिळणारा व्होल्टेज ४.६३च्या खाली घसरलाय. बहुतेक वेळा दोष बारीक यूएसबी केबलचा निघतो. ०.२ ओहम रोध असला तरी ३ अँपिअरला ०.६ व्होल्ट वायरमध्येच जातो. म्हणून कन्व्हर्टर बोर्डाजवळ ठेवा, लांब वायर १२ व्होल्टच्या बाजूला जाऊ द्या. पॉवर यूएसबी-सीमधूनच द्या. जीपीआयओच्या (बोर्डावरच्या जोडणीच्या पिनांच्या) रांगेतून ५ व्होल्ट देताना एका खणाची चूक झाली तर बोर्ड वाचत नाही, कारण शेजारच्या सिग्नलच्या पिना फक्त ३.३ व्होल्टच्या.

पंप चालू-बंद करणाऱ्या रिलेची वायर बॅटरीपासून वेगळी आणा आणि रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड टाका. कन्व्हर्टरची इनपुट वायर मात्र सोलर चार्ज कंट्रोलरच्या लोड टर्मिनलवरून घ्या, म्हणजे बॅटरी फार उतरण्याआधी कंट्रोलर लोड तोडेल. थेट पॅनेलवर कधीच नको: १२ व्होल्टच्या म्हणवल्या जाणाऱ्या पॅनेलवर उघड्या उन्हात, लोड नसताना २१-२२ व्होल्ट येतात. आणि लोड तुटण्याआधी बॅटरीचा व्होल्टेज वाचून बोर्ड नीट शटडाउन करणारी स्क्रिप्ट आत्ताच लिहून ठेवा, नाहीतर एसडी कार्ड खराब होऊ शकतं.