नॉर्वेत तेलाचं भूरसायन: शेत तारण ठेवण्याआधी एवढं वाच

ताई म्हटलंस, म्हणून अरे-तुरे करते. तू लिहिलंयस की नांदेडहून भूशास्त्रात एमएस्सी झालंय, सध्या पुण्यात डेटा अ‍ॅनालिस्ट आहेस, आणि भूरसायन (खडक, तेल, पाणी यांचं रसायनशास्त्र) व डेटा जोडून तेलक्षेत्रात काम मिळवायचंय. त्यासाठी शेत तारण ठेवून नॉर्वेत मास्टर्स करावं का, हा तुझा प्रश्न. मी परभणीची, स्टाव्हांगर या नॉर्वेतल्या तेलाच्या गावी याच कामात आहे. काम आहे आणि चांगलं आहे. शेताला मात्र हात लावू नकोस.

आधी काम काय असतं ते सांगते, जाहिरातीवरून ते कळत नाही. समज, एका विहिरीतून दोन थरांचं तेल एकाच नळीनं वर येतंय. कुठल्या थराचं किती? आपल्याकडे बोअरला वर गोड पाणी लागतं, खाली मचूळ, आणि जुनी माणसं घोटभर पिऊन सांगतात की आज खालचं जास्त आलंय. इथं जिभेचं काम गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, करतं. आलेखावर सरळ साखळीच्या अल्केनांची (साध्या हायड्रोकार्बनांची) उंच शिखरं ओळीनं उभी असतात. आमचा डोळा त्यांच्या मधल्या बारक्या शिखरांवर. दोन थरांच्या निव्वळ नमुन्यांत ती वेगळी असली, की मिश्रणातला वाटा गणितानं निघतो. विहिरीत उपकरण सोडून प्रवाह मोजण्यापेक्षा हे पुष्कळ स्वस्त पडतं. खालच्या थराचा वाटा घसरत चालला, तर तिथं पाणी दाबायचं, नवी विहीर घ्यायची की तो थर बंद करायचा, हे ठरवताना तो आकडा टेबलावर असतो.

आता पायथनवाले कुठं फसतात ते ऐक. बरेच जण शिखरांची गुणोत्तरं काढतात आणि ती सरळ रेषेत मिसळतील असं धरून चालतात. ती तशी मिसळत नाहीत. ज्या तेलात छेदातला घटक जास्त, त्याच्याकडे मिश्रणाचं गुणोत्तर झुकतं, आणि वाट्याचं उत्तर चुकतं. म्हणून शिखरांची मूळ मापं घ्यायची. दुसरं, पीसीएमध्ये (नमुने सारखेपणानुसार मांडणाऱ्या सांख्यिकी पद्धतीत) दोन छान गट पडले की साठ्यात एकमेकांशी न जोडलेले दोन कप्पे सापडले म्हणून लोक खूश. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बघाव्यात, तर एका गटातल्या सगळ्या नमुन्यांत ड्रिलिंगच्या मडमधलं (खोदताना विहिरीत सोडलेल्या चिखलासारख्या द्रवातलं) तेल उतरलेलं. नाहीतर बाटल्या वर्षानुवर्षं कपाटात पडून हलके घटक उडून गेलेले. मॉडेल चालवणारे इथंही पैशाला पासरी मिळतात. चिठ्ठी वाचणारा मिळत नाही.

पाण्याकडेही बघायला शीक. उत्तर समुद्रात थरात समुद्राचं पाणी दाबतात. त्यातलं सल्फेट आणि थराच्या पाण्यातलं बेरियम भेटलं की नळीत बेरियम सल्फेटची पुटं चढतात, आणि ती सहजी निघत नाहीत. पाण्याचे नमुने वेळच्या वेळी तपासले तर हे आधी कळतं.

सरावाला एक रुपया लागत नाही. इक्विनॉर या नॉर्वेच्या तेल कंपनीनं २०१८ मध्ये व्होल्वे या बंद झालेल्या क्षेत्राचा डेटा खुला केला. २००८ ते २०१६ असं ते क्षेत्र चाललं. त्यात रोजच्या उत्पादनाचे आकडे आहेत, लॉग (विहिरीत खोलीनुसार घेतलेली मोजमापं) आहेत. त्याहून कामाची जागा म्हणजे नॉर्वेच्या सरकारी ऑफशोअर संचालनालयाची (आधीचं तेल संचालनालय) फॅक्टपेजेस ही वेबसाइट. तिथं कित्येक जुन्या विहिरींचे भूरसायनाचे अहवाल पीडीएफमध्ये पडलेत. त्यातले तक्ते हातानं टंकून काढ, प्रिस्टेन-फायटेन या तेलातल्या दोन घटकांचं प्रमाण मांड, रॉक-इव्हल चाचणीचं टीमॅक्स (खडक किती पक्व झालाय ते सांगणारं तापमान) खोलीबरोबर कसं चढतं ते बघ. कंटाळवाणं आहे, पण मुलाखतीत मी तरी सर्टिफिकेटांआधी हेच विचारीन.

राहिला पैसा. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना इथल्या सरकारी विद्यापीठांत २०२३ पासून फी बसली. फुकट शिक्षण म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच वाटेला लाव. नोकरीसाठी नॉर्वेजियन बऱ्याच ठिकाणी मागतात. आणि हा धंदा भावावर चालतो: २०१४ मध्ये शंभर डॉलरच्या वर असलेलं तेलाचं पिंप २०१६ च्या सुरुवातीला तिसाच्या खाली आलं, तेव्हा या गावात कितीतरी जण घरी बसले. तेव्हा कर्जाचा हप्ता थांबत नाही.

तुझ्या जागी मी असते तर आधी वर्ष-दोन वर्षं बाडमेर, अंकलेश्वर किंवा राजमुंद्रीकडे रिगवर मड लॉगिंग (खोदताना वर येणारे खडकाचे तुकडे आणि वायू तपासायचं काम) केलं असतं. पगार बेताचा, झोपेचं खोबरं. पण नमुना कसा गोळा होतो आणि कुठं बिघडतो ते तिथंच दिसतं. दरम्यान फॅक्टपेजेसमधला एक तक्ता करून पाठव, रविवारी बघून ठेवते. व्हिसाचं नंतर बोलू.