सॅल्मनच्या कातडीचं पार्चमेंट घरी करून पुस्तकाला लावता येतं का? वास येत नाही का?

येतं. मी आतापर्यंत सात वह्यांच्या पाठींना (पानं शिवलेली असतात त्या कडेला) लावलंय. वासाचा सगळा दोष चरबीचा. ती नीट काढली तर सुकलेल्या कातडीला नाक लावलं तरी काही कळत नाही.

चामडं आणि पार्चमेंट यांत गल्लत करू नका. चामडं कमावलेलं असतं. पार्चमेंट कमवायचं नाही, नुसतं साफ करून ताणून सुकवायचं. माशाच्या कातडीला त्यासाठी कमवायची रसायनं लागत नाहीत, फक्त साबण आणि चिकाटी.

कातडी पाटावर पसरून बोथट सुरीने मांस आणि आतला पातळ पापुद्रा खरवडा. उलटून शेपटीकडून डोक्याकडे खवले काढा. मग भांडी घासायचा साबण लावून गार पाण्यात धुवा, पाणी बदलून पाच-सहा वेळा. गारच! पहिल्या खेपेला मी शहाणपणा करून कोमट पाणी घेतलं, तर कातडी आक्रसून बोटांना डिंकासारखी चिकटायला लागली. थंड पाण्यातल्या माशाचं कोलॅजन (कातडीला घट्ट धरून ठेवणारं प्रथिन) बकरीच्या कातड्यापेक्षा फार कमी उष्णतेत सैल पडतं. हेअर ड्रायरचाही मोह टाळा.

धुतलेली कातडी ॲक्रिलिकच्या शीटवर ताणून हाताने दाबून बसवा. ती स्वतःच्याच चिकटपणाने धरून राहते आणि दोन दिवसांत कडकडीत वाळते. मग सोलून उजेडात धरा: पाठीकडे काळपट, पोटाकडे जवळजवळ पारदर्शक, आणि खवल्यांच्या रिकाम्या खोबणींची जाळी. एवढ्यासाठीच मी हा उद्योग करतो.

पारदर्शक असल्याने खालचं सगळं दिसतं, म्हणून आधी मागून पातळ रंगीत कागद डकवा. लाल कागदावर खुलते. गव्हाच्या खळीत थोडा पांढरा फेव्हिकॉल मिसळला की पुरतं. खळीत मोरचूद टाकायची आपली जुनी सवय इथे नको, निळसर झाक वर दिसेल.

(शॅग्रीन म्हणजे हे नव्हे. ते पाकट किंवा शार्कच्या खरखरीत कातड्याचं. 18व्या शतकात पॅरिसच्या गालुशा नावाच्या कारागिराने ते इतकं गाजवलं की फ्रेंचमध्ये त्याला त्याचंच नाव पडलं.)

अख्खं पुस्तक मढवू नका, निदान पहिल्यांदा. पार्चमेंट हवेतला ओलावा पितं आणि सुकताना पुठ्ठा ओढतं. मी पूर्ण मढवून मुंबईला पाठवलेली एक वही जुलैत पापडासारखी वळली. आता फक्त पाठीला लावतो, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूने कागद चिकटवतो आणि आठवडाभर वजनाखाली ठेवतो.